फ्रीमाँट : गाड्या घडवणारे आणि गाड्या थांबवणारे गाव

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराला पूर्वेच्या अंगाने वळसा घालत दक्षिणेकडे धावणारी बार्ट रेल्वे फ्रीमाँट शहराच्या टोकाला वॉर्म स्प्रिंग्ज या स्थानकावर थांबते. हे स्थानक मार्च २०१७ मध्ये सुरू झाले. स्थानकाच्या पूर्वेला मिशन पीकचा डोंगर उभा आहे. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणून हा डोंगर जानेवारी-फेब्रुवारीत हिरवागार असतो आणि मे महिन्यानंतर वाळलेल्या गवताने पिवळा पडतो. सह्याद्रीची पठारे ज्यांच्या नजरेत भरलेली आहेत, त्यांना हे रंग ओळखीचे वाटतात. फक्त महिने उलटे. पश्चिमेला मात्र एक पांढरी, लांबच लांब इमारत नजर अडवते. तिचे क्षेत्रफळ सुमारे ५३ लाख चौरस फूट आहे. विजेवर चालणाऱ्या टेस्ला गाड्या येथे घडतात.

परगावाहून आलेला पाहुणा ही इमारत पाहतो, छायाचित्र काढतो आणि पुढच्या गाडीने निघून जातो. परंतु या जागेला साठ वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. मोटारगाडी कशी बनते, तिच्यात दोष कसा शिरतो, तो कसा लपतो, कसा उघडा पडतो आणि मग सामान्य कुटुंबाची कशी ओढाताण होते, हे सारे या एका भूखंडाच्या आजूबाजूला फिरताना समजते.

पाच गावांचे शहर

फ्रीमाँट हे तसे जुने शहर नव्हे. सेंटरव्हिल, नाइल्स, अर्विंग्टन, मिशन सॅन होजे आणि वॉर्म स्प्रिंग्ज ही पाच गावे जानेवारी १९५६ मध्ये एकत्र आली आणि हे शहर झाले. पाचही गावांचा स्वभाव अजून निराळा राहिला आहे. नाइल्समध्ये १९१५ साली चार्ली चॅप्लिनने आपले काही मूकपट चित्रित केले, त्याची आठवण तिथले दुकानदार आजही जपतात. सेंटरव्हिलच्या परिसरात अफगाण कुटुंबांची मोठी वस्ती आहे. मिशन सॅन होजे येथे १७९७ साली स्पॅनिश धर्मगुरूंनी स्थापन केलेले चर्च आहे.

२०२० च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या २ लाख ३० हजारांच्या घरात आहे आणि त्यात आशियाई वंशाच्या लोकांचे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे. संगणक क्षेत्रात काम करणारी असंख्य भारतीय कुटुंबे येथे स्थिरावली आहेत. किराणा दुकानात ज्वारीचे पीठ, गोडा मसाला आणि खाकरे एकाच फळीवर मिळतात. येथून दक्षिणेला लागूनच मिल्पिटास हे गाव आहे. तेथे २००० साली उभे राहिलेले जैन भवन हे उत्तर कॅलिफोर्नियातील जैन समाजाचे केंद्र आहे. रविवारी पाठशाळेच्या वेळी भवनाच्या आवारात मोटारी लावायला जागा मिळणे कठीण होते.

या परिसरात घरातल्या माणसांच्या खालोखाल मोटारीला महत्त्व आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. शाळा, कचेरी, देरासर, वाणसामान, दवाखाना ही सगळी ठिकाणे एकमेकांपासून मैलोगणती दूर. गाडी बंद पडली की घरच थांबते. म्हणून गाडीतल्या दोषाचा प्रश्न येथे चैनीचा राहत नाही, तो रोजच्या जगण्याचा होतो.

एका दोरीची शिकवण

आज जेथे टेस्लाचा कारखाना आहे, तेथे जनरल मोटर्सने १९६० च्या दशकाच्या आरंभी आपला कारखाना उभारला. त्या काळातील एक अलिखित नियम असा होता, की काही झाले तरी गाड्या जुळवण्याची ओळ थांबता कामा नये. एखादा भाग चुकीचा बसला, एखादा बसवायचाच राहिला, तरी गाडी पुढे सरकत राहायची. दुरुस्ती मागाहून, बाहेरच्या पटांगणात. कामगार आणि व्यवस्थापन यांच्यात अविश्वास होता, गैरहजेरी प्रचंड होती. अखेर १९८२ मध्ये कारखाना बंद पडला.

दोन वर्षांनी एक अभूतपूर्व भागीदारी झाली. जनरल मोटर्स आणि जपानची टोयोटा या प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मिळून हाच कारखाना पुन्हा सुरू केला. त्याचे संक्षिप्त नाव ‘नुमी’. कामगार बहुतांशी जुनेच घेतले. त्यांतील अनेकांना तुकड्यातुकड्यांनी जपानमधील टोयोटाच्या कारखान्यात शिकायला पाठवले. तेथे त्यांनी जे पाहिले, त्यात सर्वांत नवलाची गोष्ट होती ती ओळीच्या कडेने डोक्यावरून गेलेली एक साधी दोरी. जपानी भाषेत या व्यवस्थेला ‘आंदोन’ म्हणतात. काही चुकते आहे असे दिसताच कोणत्याही कामगाराने ती दोरी ओढावी. मुकादम धावत येई. दोष तेवढ्या वेळात सुटला नाही, तर संपूर्ण ओळ थांबे. दोरी ओढणाऱ्याला कोणी रागावत नसे; उलट त्याचे आभार मानले जात.

ज्या कामगारांना ‘थांबू नका’ एवढेच शिकवले गेले होते, त्यांच्या हाती थांबवण्याचा अधिकार आला. थोड्याच काळात फ्रीमाँटच्या गाड्यांची गुणवत्ता जपानी कारखान्यांच्या तोडीची झाली. पुढील २५ वर्षांत या कारखान्यातून जवळजवळ ८० लाख वाहने बाहेर पडली. त्यांत टोयोटाची कोरोला ही मध्यमवर्गीय कुटुंबांची सर्वांत विश्वासाची. नव्याने अमेरिकेत आलेल्या कितीतरी मराठी आणि गुजराती तरुणांची पहिली गाडी एखादी वापरलेली कोरोला असे. ती बिघडत नाही, हीच तिची ख्याती.

विश्वासाला तडा

ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागात, सॅन डिएगोजवळ, एक भीषण अपघात घडला. डीलरने तात्पुरती वापरायला दिलेल्या लेक्सस गाडीत एका कुटुंबातील चार जण होते. पायाखालची रबरी मॅट त्या गाडीच्या मापाची नव्हती. तिच्यात ॲक्सिलरेटरचे पेडल अडकले. वेग वाढत गेला, ब्रेक निकामी ठरला आणि चौघेही दगावले. लेक्सस हा टोयोटाचाच महागडा ब्रँड.

त्यानंतर मॅटच्या कारणाने लाखो गाड्या परत बोलावण्यात आल्या. इंग्रजीतला ‘रिकॉल’ हा शब्द आता मराठीतही रुळला आहे. दोष आढळलेल्या गाड्या कंपनीने मालकाला कळवून दुरुस्तीसाठी विनामूल्य परत बोलावणे, असा त्याचा अर्थ. २१ जानेवारी २०१० रोजी टोयोटाने अमेरिकेत आणखी २३ लाख गाड्या परत बोलावल्या. या वेळी कारण वेगळे होते : दाबलेले पेडल झिजेमुळे व दमटपणामुळे अडकून राहण्याची शक्यता. पाचच दिवसांनी कंपनीने आठ मॉडेल्सची विक्री थांबवली. कोरोला त्यांपैकी एक होती. शोरूमच्या पटांगणात नव्या कोऱ्या गाड्या रांगेने उभ्या होत्या, गिऱ्हाईक दारात होते आणि विक्रेत्याला गाडी देता येत नव्हती. त्या जानेवारीत टोयोटाची अमेरिकेतील विक्री सुमारे १६ टक्क्यांनी घसरली.

उपाय मात्र अगदी छोटा निघाला. पेडलच्या यंत्रणेत पोलादाची एक बारीक पट्टी बसवली, की घर्षण कमी होई. नखाएवढ्या जागेतील त्रुटीने जगातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपनीला जेरीस आणले होते. २४ फेब्रुवारीला कंपनीचे अध्यक्ष अकिओ टोयोडा यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे येऊन क्षमा मागितली. कंपनी फार वेगाने वाढली, त्यात सुरक्षिततेला द्यायचे पहिले स्थान ढळले, अशी कबुली त्यांनी दिली. गाडीतील इलेक्ट्रॉनिक प्रणालीवरही संशय घेतला जात होता. नासाच्या अभियंत्यांनी तिची तपासणी केली आणि २०११ मध्ये तसा दोष आढळला नसल्याचे जाहीर झाले. परंतु दोषांची माहिती ग्राहकांपासून दडवल्याबद्दल २०१४ मध्ये टोयोटाला १२० कोटी डॉलर भरावे लागले. पट्टीची किंमत किरकोळ होती. लपवण्याची किंमत एवढी झाली.

आंदोनची दोरी जगाला देणाऱ्या कंपनीला स्वतःची दोरी वेळेवर ओढता आली नाही, हा या प्रकरणातील सर्वांत बोचरा भाग. रिकॉल म्हणजे तरी काय? कारखान्यात ओढायची राहून गेलेली दोरी पुढे रस्त्यावर ओढावी लागणे. तोवर गाडीत माणसे बसलेली असतात.

एक कारखाना मिटतो, दुसरा उघडतो

याच महिन्यांत फ्रीमाँटवर दुसरे संकट कोसळत होते. २००९ मध्ये दिवाळखोरीत गेलेल्या जनरल मोटर्सने भागीदारीतून अंग काढले होते आणि एकट्याने कारखाना चालवायचा नाही, असे टोयोटानेही त्याच वर्षी ठरवले होते. १ एप्रिल २०१० रोजी लाल रंगाची एक कोरोला ओळीतून बाहेर आली. ती शेवटची. सुमारे ४,७०० कामगार घरी बसले. कारखाना बंद करण्याचा निर्णय रिकॉलच्या आधीच झाला होता, तरी गावाच्या आठवणीत या दोन्ही गोष्टी एकत्रच कोरल्या गेल्या आहेत.

आणि मग मे महिन्यात आश्चर्य घडले. टेस्ला या त्या वेळी अगदीच लहान असलेल्या कंपनीने हा भूखंड व इमारत ४ कोटी २० लाख डॉलरना घेण्याचे ठरवले. विशेष म्हणजे टोयोटानेच टेस्लामध्ये ५ कोटी डॉलर गुंतवले. जून २०१२ मध्ये येथूनच ‘मॉडेल एस’ ही गाडी ग्राहकांच्या हाती पडू लागली. आज या कारखान्यात २० हजारांहून अधिक लोक काम करतात.

त्याच सुमारास, डिसेंबर २०१० मध्ये, निसान कंपनीच्या लीफ या विजेवरच्या गाडीचा अमेरिकेतील पहिला ग्राहकही याच उपसागराच्या परिसरात होता. पेट्रोलच्या गाड्यांवरचा विश्वास डळमळला असताना विजेची वाट खुली झाली होती. ‘एक दुरुस्त करण्यापेक्षा दुसऱ्याच जातीची गाडी घ्यावी’ हा विचार येथल्या घरांत तेव्हापासून डोकावू लागला.

ऑटो मॉल पार्कवे

फ्रीमाँटमध्ये ऑटो मॉल पार्कवे याच नावाचा रस्ता आहे. महामार्गाच्या कडेला एकामागून एक मोटारींची शोरूम्स. दिव्यांच्या खांबांखाली चकाकणाऱ्या गाड्यांच्या रांगा पाहताना वाटते, की येथे पैसे मोजायचे आणि किल्ली घेऊन जायचे, इतके सोपे असावे. पण यांतील काही गाड्या अशा असू शकतात, की ज्यांना जागचे हलता येत नाही.

अमेरिकेत मोटार सुरक्षेचा कायदा १९६६ मध्ये झाला. राल्फ नेडर यांच्या पुस्तकाने आदल्या वर्षी जनमत ढवळून काढले होते. रिकॉल जाहीर झालेली नवी गाडी दुरुस्त केल्याखेरीज ग्राहकाच्या ताब्यात देता येत नाही, असे हा कायदा सांगतो. म्हणून सुटा भाग येईपर्यंत विक्री रखडते. गिऱ्हाईकाने रंग निवडलेला असतो, कर्जाची मंजुरी आलेली असते, जुनी गाडी देऊन टाकण्याचे ठरलेले असते आणि विक्रेता म्हणतो, ‘थोडे थांबा.’ किती थांबायचे हे त्यालाही ठाऊक नसते.

ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगांनी ही प्रतीक्षा वर्षांवर नेली. त्यांतील अमोनियम नायट्रेट उष्ण व दमट हवेत वर्षानुवर्षे राहिले की अस्थिर होई आणि अपघाताच्या क्षणी फुग्याबरोबर धातूचे तुकडे प्रवाशाच्या अंगावर येत. प्राण वाचवणारी वस्तूच प्राण घेऊ लागली. अमेरिकेच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा रिकॉल. सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर त्यात मोडत होते. एवढे नवे भाग एकाएकी कोठून येणार? हवामान आणि गाडीचे वय पाहून क्रम लावावा लागला. कंपनी २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली.

वापरलेल्या गाड्यांची गोष्ट याहून बिकट. त्यांच्या विक्रीला रोखणारा केंद्रीय कायदा अमेरिकेत नाही. भाड्याच्या गाड्यांसाठी तो झाला, पण त्यामागे एका आईचे दुःख आहे. २००४ मध्ये कॅलिफोर्नियात दोन तरुण बहिणी भाड्याच्या गाडीत जळून मृत्युमुखी पडल्या. त्या गाडीचा रिकॉल आधीच निघाला होता, दुरुस्ती झाली नव्हती. त्यांच्या आईने अकरा वर्षे पाठपुरावा केला. २०१५ मध्ये कायदा झाला आणि जून २०१६ पासून मोठ्या भाडे-कंपन्यांना दुरुस्ती न झालेली गाडी देण्यास मनाई झाली. विक्री रखडल्याने चिडणाऱ्या ग्राहकाने हा प्रसंग आठवावा. ‘थोडे थांबा’ या शब्दांची किंमत त्या दोन मुलींनी चुकवली आहे.

विजेच्या गाडीकडे

मिल्पिटासच्या जैन भवनाच्या आवारात आता विजेवरच्या गाड्या पुष्कळ दिसतात. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात विकल्या गेलेल्या दर चार नव्या गाड्यांपैकी एक धूर न सोडणारी होती. कारणे उघड आहेत. धूर नाही, इंजिन ऑइल नाही, हलणारे भाग कमी. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा पुन्हा बॅटरीत जाते. घराच्या छपरावर सौर पट्ट्या असतील तर इंधनाचा खर्च फारच उतरतो. हवेतील जिवांना आणि माणसांच्या फुप्फुसांना कमी पीडा व्हावी, असा विचार करणारी कुटुंबेही आहेत. पेट्रोलच्या गाडीचे रिकॉलचे पत्र येऊन पडले आणि सुटा भाग मिळायला उशीर लागणार असे कळले, की हा विचार अधिकच जोर धरतो.

तथापि वीज हा काही दोषमुक्तीचा मार्ग नव्हे. जनरल मोटर्सच्या शेव्हर्ले बोल्ट या परवडणाऱ्या विजेच्या गाडीचे उदाहरण बोलके आहे. बॅटरीच्या एकाच घटात दोन सूक्ष्म दोष एकत्र आले तर आग लागू शकते, असे आढळले : एक टोक फाटलेले आणि आतला पडदा दुमडलेला. ऑगस्ट २०२१ मध्ये तोवर बनलेल्या सर्व बोल्ट, म्हणजे सुमारे १ लाख ४२ हजार गाड्या, परत बोलावल्या गेल्या. बॅटरी पूर्ण चार्ज करू नका, रात्री घरात चार्जिंगला लावून ठेवू नका, गाडी बाहेर उभी करा, दुसऱ्या गाडीपासून ५० फूट लांब ठेवा, अशा सूचना मालकांना मिळाल्या. सदनिकेच्या तळघरात गाडी लावणाऱ्याने ५० फूट जागा कोठून आणावी? या गाडीची विक्री थांबली, ती एप्रिल २०२२ मध्येच पुन्हा सुरू झाली. पेट्रोलच्या रिकॉलला कंटाळून विजेकडे वळलेल्या माणसाला पुन्हा तेच शब्द ऐकावे लागले : ‘थोडे थांबा.’

फ्रीमाँटच्या पांढऱ्या इमारतीतून निघालेल्या गाड्याही यातून सुटल्या नाहीत. २०१८ मध्ये मॉडेल एसच्या स्टिअरिंगमधील बोल्ट गंजत असल्याचे दिसले. बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या थंड प्रांतांत हे घडत होते. सुमारे १ लाख २३ हजार गाड्या परत बोलावल्या गेल्या. डिसेंबर २०२१ मध्ये मॉडेल ३ च्या मागच्या कॅमेऱ्याची वायर आणि मॉडेल एसच्या पुढच्या झाकणाची कडी यांसाठी मिळून पावणेपाच लाख गाड्यांवर ही वेळ आली. डिसेंबर २०२३ मध्ये चालकाच्या लक्षावर देखरेख करणाऱ्या प्रणालीसाठी २० लाखांहून अधिक गाड्यांचा रिकॉल निघाला. त्यानंतर काही आठवड्यांतच पडद्यावरची धोक्याची अक्षरे फार बारीक आहेत म्हणून २२ लाख गाड्यांचा.

शेवटच्या दोन दुरुस्त्या मालकाने गाडी जागची न हलवता, इंटरनेटवरून झाल्या. रात्री गाडी झोपली आणि सकाळी सुधारलेली उठली, असे गमतीने म्हणता येईल. विजेच्या नव्या गाड्यांची ही खरी सोय आहे. पण बोल्ट, कडी, सीट बेल्ट, एअरबॅग आणि वायर या गोष्टी इंटरनेटवरून बदलत नाहीत. पेट्रोलची असो वा विजेची, गाडी हजारो सुट्या भागांची बनते आणि ते भाग माणसेच घडवतात.

घरोघरीचा हिशेब

म्हणूनच येथील जाणती कुटुंबे रागाच्या भरात गाडी बदलत नाहीत, शांतपणे हिशेब मांडतात. घराला स्वतःचे गॅरेज आहे का, की सदनिकेत चार्जिंगसाठी इतरांच्या मागे उभे राहावे लागेल? कॅलिफोर्नियातील विजेचे दर अमेरिकेतील सर्वांत चढ्या दरांमध्ये गणले जातात, तेव्हा सौर पट्ट्यांशिवाय बचत किती? लॉस एंजेलिससारखा साडेपाचशे किलोमीटरचा प्रवास वर्षातून किती वेळा घडतो? नव्या विजेच्या गाडीवर केंद्र सरकारकडून मिळणारी ७,५०० डॉलरपर्यंतची करसवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली, त्यानंतर किमतीचे गणित काय राहते?

एक गाडी विजेची आणि एक हायब्रिड किंवा पेट्रोलची, असा मध्यम मार्ग अनेकांनी पत्करला आहे. कोथरूडहून किंवा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील मागच्या आसनावर बसतात. नातवाची खुर्ची पट्ट्यांनी घट्ट बांधलेली असते. पुढे बसलेल्या मुलाला किंवा सुनेला इंधनाच्या वादापेक्षा एवढेच हवे असते, की पेडल अडकू नये, फुगा वेळेवर उघडावा आणि त्यातून लोखंड उडू नये.

या गाड्यांपैकी काहींच्या मालकांकडे रिकॉलचे पत्र टेबलाच्या खणात पडून असते, हीही वस्तुस्थिती आहे. दुरुस्ती विनामूल्य असते, तरी वेळ काढायचा राहून जातो. कंपनीने दोरी ओढली, पण मालकाने ऐकली नाही, असे तेव्हा होते.

भेगेवर उभे असलेले चर्च

वॉर्म स्प्रिंग्जपासून थोड्या अंतरावर, डोंगराच्या पायथ्याशी, मिशन सॅन होजेचे पांढरे चर्च आहे. ऑलिव्हची झाडे, जाड भिंती आणि दुपारची शांतता. कारखान्याच्या धावपळीनंतर येथे मन स्थिरावते. मूळ चर्च १८०९ मध्ये पूर्ण झाले होते. २१ ऑक्टोबर १८६८ च्या सकाळी हेवर्ड भ्रंश हलला आणि ते कोसळले. जमिनीच्या पोटातली ही भेग फ्रीमाँट शहराच्या मधून जाते. शहरातील उद्यान, तळे, घरे तिच्या अंगाखांद्यावर वसली आहेत. आज दिसणारी वास्तू १९८५ मध्ये जुन्यासारखीच पुन्हा उभी केलेली आहे. फक्त तिच्या भिंतींच्या आत भूकंप सोसण्यासाठीची बळकटी दडलेली आहे.

भेग आहे म्हणून लोकांनी गाव सोडले नाही. ती नाहीच, असेही म्हटले नाही. भेगेचा नकाशा काढला, तो सर्वांसाठी खुला ठेवला, घरांचे पाये बोल्टांनी बांधले, शाळेतल्या मुलांना टेबलाखाली बसायला शिकवले. मोटारींच्या बाबतीत हेच शहाणपण लागते. दोष नसलेली गाडी कोणीच देऊ शकत नाही. ज्या कंपनीचा रिकॉल निघतो ती वाईट आणि जिचा निघत नाही ती चांगली, असा सरळ हिशेबही खोटा ठरतो. न निघालेला रिकॉल कधी कधी दडवलेला दोष असतो. दोष लवकर सांगणारी कंपनी, तो सांगायला भाग पाडणारा कायदा आणि ऐकताच गाडी दुरुस्तीला नेणारा मालक, ही तिन्ही माणसे जागी असली म्हणजे प्रवास निर्धोक होतो.

भारतातील वाचकांसाठीही हे दूरचे राहिलेले नाही. ताकाताच्या एअरबॅगांमुळे होंडा सिटी, जॅझ यांसारख्या गाड्या आपल्याकडेही परत बोलावल्या गेल्या, आणि कोकणातील किंवा मुंबईतील दमट हवा हा त्या दोषाचा मित्रच. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन सरकारला रिकॉलचा आदेश देण्याचा अधिकार मिळाला आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर चासी क्रमांक टाकला की आपल्या गाडीचा रिकॉल निघाला आहे की नाही, ते कळते. वापरलेली गाडी घेताना, आणि ती विजेची असली तरीसुद्धा, पैसे देण्यापूर्वी ही तपासणी अवश्य करावी. नव्या गाडीच्या ताब्याला रिकॉलमुळे उशीर होत असेल तर तो सोसावा. मुहूर्त पुन्हा काढता येतो.

फ्रीमाँटच्या त्या भूखंडावर पेट्रोलच्या गाड्या बनल्या, आता विजेच्या बनतात, पुढे आणखी कशाच्या तरी बनतील. मालक बदलले, इंधन बदलले, इमारतीचा रंगही बदलला. नुमीच्या काळात मात्र तेथे एक साधी गोष्ट सिद्ध झाली होती. चूक दिसताच हात वर करून दोरी ओढणारा कामगार ओळीचा वेळ खात नाही. तो पुढे कोठेतरी, कोण्या अनोळखी रस्त्यावर, कोण्या अनोळखी कुटुंबाचा जीव राखत असतो.